पैसे भरले की फाईल हातात: मराठी सरावपत्रिका विकणारी वेबसाइट कशी उभारायची

मुलांसाठी मराठी सरावपत्रिका तयार करणाऱ्या बऱ्याच शिक्षिका आज त्या व्हॉट्सॲपवरच विकतात. स्टेटसला नमुना टाकायचा, यूपीआयने पैसे मागवायचे, स्क्रीनशॉट आला की पीडीएफ पाठवून द्यायची. ओळखीची दहा-वीस गिऱ्हाइकं असेपर्यंत हे छान चालतं. मग ओळखीच्या ओळखीतून लोक येऊ लागतात. कुणाचा स्क्रीनशॉट खरा आणि कुणाचा खोटा, हे बँकेचं खातं उघडून बघावं लागतं. तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा न्यू जर्सीतली एखादी आई "पैसे कसे पाठवू?" विचारते, कारण तिच्याकडे यूपीआय नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, फोन बदलला, फाईल पुन्हा द्याल का?

स्वतःची वेबसाइट हवी ती यासाठी. पैसे भरल्यावर मिनिटभरात फाईल गिऱ्हाइकाच्या हातात पडली पाहिजे आणि त्यासाठी त्याला तुम्हाला फोन करावा लागता कामा नये. रंगसंगती, लोगो, बॅनर हे सगळं त्यानंतर. खालची प्रत्येक पायरी याच कसोटीवर लावून पाहा. मी उदाहरण सरावपत्रिकांचं घेतलं आहे, पण रांगोळीचे नमुने, ब्लाउजच्या कटिंगचे आराखडे किंवा ई-बुक विकायचं असेल तरी रस्ता हाच आहे.

आधी माल, मग दुकान

सुरुवातीला एकच संच पूर्ण करा. समजा, "मुळाक्षरं गिरवू या", 40 पानं. वेबसाइट आधी आणि माल नंतर असं केलं की वेबसाइट अर्धवट राहते, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे.

ही फाईल स्क्रीनवर बघायची नसून छापायची आहे, हे पान आखतानाच लक्षात ठेवा. भारतात ए-फोर कागद वापरतात, 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिका-कॅनडात लेटर आकार चालतो, 216 बाय 279 मिलिमीटर. म्हणजे तो किंचित रुंद आणि चांगला 18 मिलिमीटर आखूड. ए-फोरवर काठापर्यंत भरलेलं पान तिकडे छापलं की एक तर खालची ओळ कापली जाते, नाही तर प्रिंटर सगळंच आक्रसून टाकतो. सगळा मजकूर मधल्या 190 बाय 255 मिलिमीटरच्या चौकटीत बसवा. मग दोन्ही कागदांवर तेच पान नीट येतं आणि दोन वेगळ्या फाईली ठेवाव्या लागत नाहीत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत जागोजागी मराठी शाळा भरतात. तिथले पालक आणि शिक्षक हे तुमचे हक्काचे गिऱ्हाईक होऊ शकतात, तेव्हा एवढी काळजी घ्यायला हवी.

इकडे बरेच पालक फाईल झेरॉक्सच्या दुकानात नेऊन काळ्या-पांढऱ्यात छापून घेतात. त्यामुळे गडद पार्श्वभूमी नको, फिक्या पिवळ्या रंगातली अक्षरं नकोत. गिरवण्याची ठिपक्यांची रेघ करडी ठेवली असेल तर एक पान स्वतः दुकानात छापून बघा. फार फिकी रेघ स्वस्त प्रिंटरवर उमटतच नाही.

अक्षरांच्या वळणाबद्दल मी आग्रही आहे. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी शाळेत मूल पाकळीचा ल आणि देठाचा श शिकतं. गिरवण्याच्या पानावर दुसरंच वळण आलं तर पालकांना पहिल्या पानावरच खटकेल, आणि ते बरोबरच आहे. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की वळण आपोआप बदलतं. नसेल बदलत तर फॉन्ट बदला. फॉन्टचा परवानाही याच वेळी तपासा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्त आणि बलू, किंवा गूगलचा नोटो, हे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळतात. विक्रीच्या पीडीएफमध्ये ते वापरायला अडचण नाही. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून आलेले फॉन्ट मात्र टाळा. ई-बुक करत असाल तर जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट मुळीच चालणार नाहीत. ईपब या ई-बुकच्या स्वरूपात त्यांचा मजकूर अगम्य चिन्हांचा ढीग होऊन दिसतो.

चित्रांचंही तसंच. गूगलवरून उचललेलं ससा-कासवाचं चित्र कुणाच्या तरी मालकीचं असतं. डिझाइनच्या ॲपमधली तयार चित्रं वापरायची तर विकायच्या वस्तूत ती चालतात का, ही अट वाचा. बालभारतीच्या पुस्तकातली पानं आणि चित्रं जशीच्या तशी घेऊ नका. कविता घ्यायची असेल तर भारतातला नियम असा: कवी वारल्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून 60 वर्षं हक्क राहतो. 2026 च्या हिशेबाने, 1965 पर्यंत वारलेल्यांचं, त्यांच्या हयातीत छापलेलं लिखाण मोकळं आहे.

फाईल तयार झाल्यावर तिचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. देवनागरी नावाची लिंक ईमेलमध्ये टक्केवारीच्या खुणांनी भरून जाते. शक्यतो झिप करू नका. मोबाइलवर झिप उघडताना लोक अडतात आणि मग तुम्हालाच फोन येतो. पीडीएफ थेट द्या, आकार दहा-पंधरा एमबीच्या आत ठेवा, म्हणजे ती पुढे झेरॉक्सवाल्याला पाठवतानाही त्रास होत नाही.

स्वतःची वेबसाइट की तयार दुकान

गमरोड, पेहिप, इन्स्टामोजो अशा ठिकाणी तासाभरात दुकान थाटता येतं. गमरोड 1 जानेवारी 2025 पासून विक्रेता म्हणून स्वतः उभं राहतं, त्यामुळे परदेशी गिऱ्हाइकांचा विक्रीकर तेच भरतं. ही मोठी सोय आहे. पण थेट विक्रीवर ते 10 टक्के आणि वर 50 सेंट घेतात. 99 रुपयांच्या संचावर ते 50 सेंटच चाळीस रुपयांच्या पुढे जातात. मराठी सरावपत्रिकांच्या किमतीला हे झेपत नाही.

म्हणून माझं मत असं: वस्तू एकच असेल आणि ती खपते का एवढंच बघायचं असेल, तर तयार दुकान घ्या. चार-पाच संच करायचा बेत पक्का असेल, तर पहिल्यापासून स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या स्वतःच्या पत्त्यावर, वर्डप्रेस (वेबसाइट चालवणारी प्रणाली) आणि वूकॉमर्स (तिला दुकान जोडणारं प्लगइन, म्हणजे जोडणी) बसवा. दोन्ही फुकट आहेत. खर्च येतो तो डोमेनचा आणि होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायच्या सर्व्हरवरच्या जागेच्या भाड्याचा.

डोमेन आणि होस्टिंग

नाव छोटं, फोनवर सांगितलं तरी लिहिता येईल असं घ्या. "सराव" शब्दात शेवटी रोमन व्ही लावायचा की डब्ल्यू, असा प्रश्न पडणार असेल तर दुसरं नाव शोधा. डॉट इन पुरेसं आहे.

डोमेन तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डाने घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतलं आणि दोन वर्षांनी त्याचा फोन लागेना, ही तक्रार फार वेळा ऐकू येते. काम दुसऱ्याकडून करून घ्या, किल्ली स्वतःकडे ठेवा.

होस्टिंग साधं, सामायिक प्रकारचं घेतलं तरी चालतं. सर्व्हर मुंबईत किंवा सिंगापूरला असेल तर पानं लवकर उघडतात. जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा भाव असतो. नूतनीकरणाचा भाव विचारल्याशिवाय पैसे भरू नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं एसएसएल प्रमाणपत्र (साइट आणि ब्राउझरमधली देवाणघेवाण सुरक्षित करणारं) फुकट मिळतं. ते चालू करा, नाही तर ब्राउझर तुमच्या साइटला असुरक्षित म्हणून दाखवेल आणि तिथे कुणी पैसे भरणार नाही.

वूकॉमर्समध्ये संच टाकणं

सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी, चलन भारतीय रुपया. मग नवीन उत्पादन घ्या. नाव, किंमत, वर्णन सगळं टाका, आणि "व्हर्च्युअल" व "डाउनलोडेबल" या दोन्ही चौकटींत खूण करा.

दोन्ही म्हणजे दोन्ही. पैसे आल्यावर ऑर्डर आपोआप "पूर्ण" होते ती वस्तूवर या दोन्ही खुणा असतील तरच. एकच केली असेल तर वूकॉमर्सला वाटतं की काहीतरी कुरिअरने पाठवायचं राहिलं आहे. ऑर्डर "प्रक्रियेत" अडकून बसते आणि गिऱ्हाईक ईमेलची वाट बघत राहतं. नव्या दुकानांत फाईल न पोहोचण्याचं हे एक मोठं कारण असतं. जोडीला उत्पादनांच्या सेटिंगमध्ये, डाउनलोडच्या भागात, पैसे भरताच फाईल खुली करण्याची खूण आहे, तीही करून ठेवा.

डाउनलोडची मर्यादा विचारली जाईल. काहीजण एकदाच उतरवू देतात. ते करू नका. ट्रेनमध्ये रेंज गेली, फोन बदलला, नवऱ्याच्या लॅपटॉपवर छापायचं ठरलं, अशी शंभर कारणं असतात. पाच वेळा आणि एक वर्ष ठेवलं तर सहसा कुणाची तक्रार येत नाही.

फाईल देण्याची पद्धत "फोर्स डाउनलोड" ठेवा. "फक्त रिडायरेक्ट" निवडलं तर फाईलचा खरा पत्ता उघडा पडतो. शिवाय वूकॉमर्स फाईली ज्या फोल्डरमध्ये ठेवतं त्याचं कुलूप अपाची प्रकारच्या सर्व्हरवर चालतं, एनजिनएक्स प्रकारच्या सर्व्हरवर ते आपोआप लागत नाही. तपासायचं कसं? फाईलचा थेट पत्ता उचला, ब्राउझरच्या खासगी खिडकीत चिकटवा. पीडीएफ उघडली तर होस्टिंगवाल्याला सांगून तो फोल्डर बंद करून घ्या.

पैसे भरण्याच्या पानावर वूकॉमर्स मुळात पूर्ण पत्ता मागतं. पीडीएफ घेणाऱ्याला पिनकोड कशाला विचारायचा? नाव, ईमेल, फोन आणि राज्य एवढंच ठेवा. राज्य ठेवायचं ते बिलासाठी. खातं न उघडता खरेदी करण्याची मुभा चालू करा. कॅश ऑन डिलिव्हरी दिसत असेल तर ती बंद करा.

पैसे घेण्याची सोय

इथे थोडा धीर लागतो. रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांपैकी एक पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी कंपनी, निवडा. नोंदणीला पॅन, बँक खातं आणि ओळखीचा पुरावा लागतो. मग ते तुमची साइट बघतात. त्यांना साइटवर संपर्क, अटी, गोपनीयता धोरण आणि परतावा धोरण ही पानं दिसायला हवीत. नसली तर अर्ज परत येतो. म्हणून ही पानं आधी लिहा, अर्ज नंतर करा.

दर साधारण दोन टक्के आणि त्या रकमेवर 18 टक्के जीएसटी असा असतो. 99 रुपयांवर सुमारे 2 रुपये 34 पैसे जातात. पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतात.

आता वेबहुक. शब्द अवघड वाटतो, गोष्ट सोपी आहे आणि ती टाळता येत नाही. गिऱ्हाईक तुमच्या साइटवरून फोन-पे किंवा गूगल-पेमध्ये जातं, पिन टाकतं, हिरवी खूण बघतं आणि तिथूनच फोन खिशात टाकतं. परत ब्राउझरमध्ये येतच नाही. तुमच्या साइटला पैसे आल्याचं कळलेलं नसतं. ऑर्डर "पैसे बाकी" दाखवते, पैसे मात्र कापले गेलेले असतात. वेबहुक लावलं की गेटवे तुमच्या साइटला परस्पर कळवतो आणि ऑर्डर पूर्ण होते. गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकचा पत्ता आणि गुप्त कळ टाकायची जागा असते. गेटवेचं वूकॉमर्ससाठीचं प्लगइन साइटवर बसवायचं, त्याच्या सेटिंगमधून पत्ता उचलून तिथे टाकायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर यूपीआयवाली गिऱ्हाइकं रोज वाटेत हरवतील.

परदेशी कार्डांसाठी गेटवेकडे वेगळी परवानगी मागावी लागते. दुसरा मार्ग पेपॅलचा. भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सोय पेपॅलने 1 एप्रिल 2021 पासून बंद केली, पण परदेशातून पैसे घेता येतात. दर चार टक्क्यांहून जास्त, वर दर व्यवहाराला ठरावीक रक्कम. छोट्या रकमेवर ते महाग पडतं, म्हणून परदेशी पालकांसाठी सगळ्या संचांचा एक मोठा गठ्ठा करून विका. युरोपात विकणार असाल तर डिजिटल मालावरचा तिथला व्हॅट बाहेरच्या विक्रेत्याला पहिल्या विक्रीपासून लागू होतो. अशा गिऱ्हाइकांसाठी गमरोडसारख्या दुकानाची लिंक देणं सोपं जातं.

ईमेल पोहोचला पाहिजे

वर्डप्रेस स्वतःहून जो ईमेल पाठवतं तो बहुधा स्पॅममध्ये जातो. ईमेल दुसऱ्या सेवेमार्फत पाठवू देणारं एसएमटीपीचं प्लगइन बसवा, त्याला ब्रेव्होसारखी ईमेल पाठवणारी सेवा जोडा आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन नोंदी करा. ईमेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला आहे, हे त्या सांगतात. गूगल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणात ईमेल पाठवणाऱ्यांना या नोंदी सक्तीच्या केल्या. तुम्ही तेवढे ईमेल पाठवत नसलात तरी त्या असल्या की जीमेलचा विश्वास बसतो. पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनचा हवा, जीमेलचा नको.

एवढं करूनही काहीजण जीमेलच्या स्पेलिंगमध्येच चूक करतात. म्हणून डाउनलोडचं बटण पैसे भरल्यानंतरच्या पानावरही ठळक दिसू द्या, आणि तिथे मराठीत दोन ओळी लिहा: "फाईल इथून उतरवून घ्या. हीच लिंक तुमच्या ईमेलवरही पाठवली आहे. इनबॉक्समध्ये नसेल तर स्पॅममध्ये बघा." या दोन ओळी निम्मे फोन वाचवतात.

कर, नियम आणि परतावा

सेवेच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. डिजिटल डाउनलोड ही कायद्याच्या दृष्टीने सेवाच आहे. ही उलाढाल तुमच्या पॅनवरच्या सगळ्या व्यवसायांची मिळून धरतात, त्यामुळे शिकवणीची कमाईही मोजा. आयकरात हे उत्पन्न पहिल्या रुपयापासून दाखवायचं असतं. सुरुवातीलाच एकदा सीएशी बसून बोला, विशेषतः परदेशातून पैसे येणार असतील तर.

ग्राहक संरक्षणाचे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात की तक्रार ऐकणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी आणि महिन्याभरात ती निकालात काढावी. छोट्या दुकानात ती व्यक्ती तुम्हीच. गिऱ्हाइकांना नवीन संचाची माहिती ईमेलने कळवायची असेल तर खरेदीच्या वेळी वेगळी, मोकळी ठेवलेली चौकट द्या. खूण ज्याची त्याने करायची.

परताव्याचं धोरण स्पष्ट लिहा. फाईल उघडतच नसेल, दोनदा पैसे कापले गेले असतील, चुकीचा संच घेतला गेला असेल तर पैसे परत करा, हुज्जत घालू नका. "आवडलं नाही" यावर वाद होऊ नये म्हणून दोन पानांचा नमुना फुकट ठेवा. नमुना बघून घेतलेल्याची तक्रार क्वचितच येते.

फाईल पुढे फिरेल का? फिरेल. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती कुणीतरी टाकेलच. पासवर्ड आणि कुलपांनी प्रामाणिक गिऱ्हाइकालाच त्रास होतो. पीडीएफच्या तळाशी घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल आपोआप छापणारी प्लगइनं मिळतात, ती वापरा. स्वतःचं नाव असलेली फाईल पुढे ढकलताना माणूस थबकतो. शाळांसाठी वेगळा, जास्त किमतीचा परवाना ठेवा. "एका वर्गासाठी" असं लिहिलेलं दिसलं की बऱ्याच शिक्षिका तोच घेतात.

उघडण्याआधी

एक रुपयाचा चाचणी संच करा आणि घरातल्या अशा माणसाच्या हातात फोन द्या ज्याने ही साइट कधी पाहिली नाही. वाय-फाय बंद, मोबाइल डेटा चालू. आई किंवा सासूबाई असतील तर उत्तमच. काही सांगू नका, फक्त बघा. बोट कुठे अडतं, कुठली ओळ दोनदा वाचली जाते, पैसे भरल्यावर नजर कुठे जाते, ते टिपून ठेवा. मग दुसरी चाचणी: यूपीआय ॲपमध्ये पैसे भरून ब्राउझर बंद करायला सांगा आणि ईमेल येतो का ते पाहा. तिसरी: पैसे न भरता मागे फिरायला सांगा, आणि ऑर्डरला फाईल मिळत नाही ना याची खात्री करा.

विक्रीचे दिवस ठरलेले आहेत. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस. मेच्या सुट्टीत "अक्षर सुधारा" प्रकारचे संच चालतात. 27 फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या आधी शाळांना उपक्रमांची पानं हवी असतात. अमेरिकेतल्या मराठी शाळांचं वर्ष साधारण सप्टेंबरला सुरू होतं. नवा संच या तारखांच्या तीन आठवडे आधी साइटवर असू द्या, आणि वर्डप्रेस किंवा प्लगइन अपडेट करायचे ते या गर्दीच्या दिवसांत नको. अपडेटच्या आधी बॅकअप घ्या, आणि अपडेट झालं की तोच एक रुपयाचा संच पुन्हा एकदा विकत घेऊन बघा.